धागा: बाबांची ट्रान्सप्लांट केलेली किडनी ११ वर्षांनी बंद पडली, डॉक्टर म्हणतात पॅलिएटिव्हला (गंभीर आजारातला त्रास कमी करणारे उपचार) दाखवा. कुणाला अनुभव आहे का?

ओझरची_लेक | २१ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं चार दिवस चाललंय, आज लिहितेच, कारण घरात कोणाशी बोलायची सोय राहिली नाहीये.

माझे बाबा, वय ६६. २०१३ ला पुण्यात किडनी ट्रान्सप्लांट झालं, आईने दिली. अकरा वर्षं चांगली गेली. म्हणजे गोळ्या, रक्ततपासण्या, दर तीन महिन्यांनी चंदनापुरीचा घाट ओलांडून पुणं हे सगळं होतंच, पण बाबा हिंडते फिरते होते, भाजी तेच आणायचे, माझ्या भाच्याला शाळेत सोडायला जायचे. गेल्या दिवाळीच्या आधी क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का सांगणारी रक्ततपासणी) चढायला लागलं, बायोप्सी झाली, आणि डिसेंबरपासून परत डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, नाशिकला मुंबई नाक्याजवळ एक सेंटर आहे तिथे, चार चार तास. परत ट्रान्सप्लांट करता येईल का विचारलं तर हार्ट कमजोर झालंय, ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले.

आणि मागच्या मंगळवारी डॉक्टर फाइल बंद करता करता म्हणाले, एकदा पॅलिएटिव्हच्या मॅडमना दाखवून घ्या. माझा भाऊ तिथेच ताडकन उठला, म्हणाला म्हणजे हात वर केलेत ना तुम्ही. डॉक्टर काहीतरी समजावत होते पण बाहेर ही गर्दी, पुढचा पेशंट आत आलेलासुद्धा. घरी येईपर्यंत गाडीत कोणी अवाक्षर बोललं नाही.

बाबांना रात्र रात्र झोप नसते. अंगाला इतकी खाज सुटते की कंगव्याने पाठ खाजवतात, बनियनला रक्ताचे ठिपके असतात, आई ते सकाळी गुपचूप धुवून टाकते. पायांची आग होते, पेटके येतात. पण विचारलं की एकच उत्तर, मी बरा आहे. आईने विचारलं तर हमखास.

ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटला कुणी पॅलिएटिव्हला नेलंय का? म्हणजे आता शेवट आला असंच धरून चालायचं का? भावाशी या विषयावर बोलता येत नाही.

---

सिडको_सुहास | २२ जानेवारी, सकाळी ७:१५

ताई, वाचून वाईट वाटलं. आमच्या मावशीला कॅन्सर होता तेव्हा पॅलिएटिव्ह सांगितलं आणि पुढच्या दीड महिन्यात ती गेली. त्यामुळे तुमच्या भावाला राग आला त्यात मला काही चूक वाटत नाही. डॉक्टर बदलून बघा, मुंबईला एखादं ओपिनियन घ्या.

---

इंदिरानगर_माधवी | २२ जानेवारी, सकाळी ९:०२

वाचतेय. आमच्याकडे सासऱ्यांचं डायलिसिस आहे, खाजेवर काही उपाय कळला तर मलाही हवाय.

---

सिस्टर_आक्का | २२ जानेवारी, दुपारी ३:३०

ओझरच्या ताई, मी ३१ वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची नऊ पॅलिएटिव्हमध्ये. तुम्ही विचारलेला प्रश्न माझ्यासमोर शेकडो नातेवाइकांनी विचारलाय म्हणून सविस्तर लिहिते.

सुहासदादा म्हणतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, पण त्याला कारण आहे. लंडनला सिसिली सॉन्डर्स बाईंनी १९६७ साली हॉस्पिस, म्हणजे अशा पेशंटची काळजी घेणारं घर, काढलं ते मुख्यतः कॅन्सरच्या लोकांसाठी. आपल्याकडे पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला, शांती आवेदना सदन, १९८६ चं, तेही कॅन्सरचंच. त्यामुळे आपल्या मनात पॅलिएटिव्ह म्हणजे कॅन्सर आणि कॅन्सर म्हणजे शेवट असं घट्ट बसलंय, आणि पेशंटला आणतातही अगदी शेवटच्या महिन्यात. उशिरा आणायचं आणि मग म्हणायचं तिथे नेलं आणि गेला.

प्रत्यक्षात आजार गंभीर आहे असं कळलं त्या दिवसापासून हे सुरू करता येतं, बाकीच्या उपचारांच्या बरोबरीने. डायलिसिस चालू, गोळ्या चालू, ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव असेल तर तेही चालू. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर २०१० साली अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, लवकर पॅलिएटिव्ह मिळालेल्यांना त्रास कमी झाला, मन कमी खचलं, आणि ते उलट थोडे जास्तच जगले. किडनी-लिव्हरवाल्यांकडे मात्र अजून कोणी फारसं वळत नाही, कारण ट्रान्सप्लांट म्हटलं की सगळ्यांना एकच शब्द माहीत, यशस्वी. यशस्वी झालेल्या माणसाला दुखतंय हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

तुमच्या बाबांची खाज हा डायलिसिसच्या पेशंटचा अगदी नेहमीचा त्रास आहे, मनाचे खेळ नाहीत. त्यावर औषध आहे. पायांची आग, पेटके, झोप, यावरही आहे. हे सांगायला कोणाकडे तरी अर्धा तास बसावं लागतं आणि किडनीच्या ओपीडीत तो अर्धा तास नसतो, त्यांचाही नाइलाज असतो. तुमच्या डॉक्टरांनी वेळेवर नाव सुचवलं हे मला चांगलंच वाटतं.

माधवीताई, खाजेसाठी आधी रक्तात फॉस्फरस किती आहे आणि डायलिसिस पुरेसं होतंय का ते विचारा. आंघोळ कोमट पाण्याने, कडक साबण बंद, अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर. थंडीत तर दोनदा. पुढचं औषध डॉक्टर देतील.

---

निफाडचा_द्राक्षवाला | २२ जानेवारी, रात्री १०:२०

ताई, मी स्वतः लिव्हर ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे, सहा वर्षं झाली. मला थोरल्या मुलाने लिव्हरचा भाग दिलाय. तुमच्या बाबांचं ते मी बरा आहे जे आहे ना, ते मला शंभर टक्के कळतं म्हणून लिहितोय, एरवी मी इथे फक्त भाव आणि हवामानाचं वाचायला येतो.

पोराच्या पोटावर ही एवढी मोठी खूण आहे. तो शेतात शर्ट काढून पाणी भरत असला की मी तिकडं बघत नाही. आता मला सांगा, त्याच्यासमोर मी कसं म्हणू की मला थकवा आलाय, हात थरथरतात, रात्री घाबरल्यासारखं होतं. त्यानं जीव धोक्यात घातला आणि बाप कुरकुर करतो. म्हणून मी दोन वर्षं काहीच बोललो नाही. चेकअपलासुद्धा ओके सर, ओके सर.

एक उदाहरण देतो. ऑपरेशननंतर गोळ्यांच्या कागदावर लिहिलं होतं ग्रेपफ्रूट खाऊ नका. मी वाचलं ग्रेप. दोन सीझन, स्वतःची चार एकर बाग, एक मणी तोंडात घातला नाही मी. घरची माणसं मला बघून खाईनात. आणि विचारलंही नाही कोणाला, कारण एवढ्या मोठ्या गोष्टीतून वाचलोय तर द्राक्षांसाठी काय तोंड उघडायचं. शेवटी एका डॉक्टर बाईंनी विचारलं काका कशाकशाची आठवण येते खाण्यात, तेव्हा बोललो. त्या म्हणाल्या अहो ते फळ वेगळं, चकोतरा, पपनस त्या जातीचं, त्यानं टॅक्रोलिमसचं, म्हणजे तुमच्या ट्रान्सप्लांटच्या गोळीचं, रक्तातलं प्रमाण वाढतं. द्राक्षं खा, फक्त स्वच्छ धुऊन. त्या बाई पॅलिएटिव्हच्याच होत्या. मला तेव्हा हा शब्दही माहीत नव्हता. मी त्या दिवशी गाडीत रडलो.

बाबांना घेऊन जा ताई.

---

ओझरची_लेक | २२ जानेवारी, रात्री ११:०५

दादा, काय लिहू. बाबा आईच्या टाक्याच्या जागेकडे असंच बघायचं टाळतात, मला आत्ता लक्षात आलं.

---

औषधवाला_शालिमार | २३ जानेवारी, दुपारी १:१०

मेडिकल चालवतो, म्हणून फक्त औषधांपुरतं. डोस इथे विचारू नका, मी सांगणार नाही.

१. दुखतंय म्हणून काउंटरवरून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका. किडनीवाल्यांनी नाही, ट्रान्सप्लांटवाल्यांनी तर अजिबात नाही. माझ्याकडे रोज कोणीतरी मागतं.

२. किडनी बंद पडली म्हणून ट्रान्सप्लांटच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. एकदम सोडल्या तर आतली किडनी सुजते, ताप येतो, दुखतं. आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड वर्षानुवर्षं घेतलेल्या माणसाने एका दिवसात थांबवलं तर बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. कमी करायच्या त्या डॉक्टरच हळूहळू करतात.

३. जास्त दुखण्यावरच्या मॉर्फिनचं नाव काढलं की लोक घाबरतात. किडनी काम करत नसेल तर मॉर्फिनचे उरलेले घटक शरीरात साठतात, गुंगी येते, अंगाला झटके येतात, म्हणून अशा पेशंटला डॉक्टर बहुतेक वेळा फेंटॅनिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच पसंत करतात. म्हणजे दुखणं सहन करणं हाच मार्ग आहे असं नाही, औषध निवडणारा जाणकार हवा. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यामुळे ही औषधं मिळणं फार अवघड होतं, २०१४ ला दुरुस्ती झाली, मान्यता असलेल्या संस्थांना ठेवता येतात. म्हणून माझ्यासारख्याच्या दुकानात शोधत फिरू नका, पॅलिएटिव्ह सेंटरलाच विचारा. त्र्यंबक रोडला सिव्हिलमध्येही चौकशी करा.

---

सातपूर_विजय | २३ जानेवारी, रात्री ९:४८

मी हे कधी लिहिलं नव्हतं कुठे.

माझी बायको लिव्हरच्या वेटिंगवर होती, चौदा महिने. नाशिक पुण्याच्या झेडटीसीसीखाली (अवयव वाटपाचं विभागीय केंद्र) येतं, त्यामुळे फोन पुण्याहून येणार म्हणून मी ड्युटीवरसुद्धा मोबाइल सायलेंट केला नाही, बॅग भरलेली दाराशी. तिच्या पोटात पाणी व्हायचं, दर दहा बारा दिवसांनी सुई घालून काढायचे, चार चार लिटर. पाय खांबासारखे सुजायचे. रक्तात अमोनिया वाढला की मला ओळखायची नाही, मग पोट साफ व्हायचं औषध पाजलं की दुसऱ्या दिवशी परत माणसात यायची आणि विचारायची मी काही वेडंवाकडं बोलले का हो.

या चौदा महिन्यांत प्रत्येक जण फक्त लिव्हर कधी मिळेल एवढंच बोलत होता. मीपण. लिव्हर मिळालं नाही तर काय हे कोणी उच्चारलं नाही, अपशकुन होईल म्हणून. मग तिला इन्फेक्शन झालं, आता ऑपरेशन शक्य नाही म्हणून नाव यादीतून काढलं, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे कोणाचंच काही काम राहिलं नाही. सहा दिवस आयसीयू. मला दिवसातून दोनदा दहा मिनिटं भेट.

तिला सिन्नरला माहेरी जायचं होतं, दोन महिने म्हणत होती. मी म्हणायचो ट्रान्सप्लांट झालं की जाऊ. फार लांब नाही हो सातपूरपासून.

सिस्टर म्हणाल्या ना यादीत नाव असताना पण चालू करता येतं, हे मला कोणी त्या चौदा महिन्यांत सांगितलं असतं तर मी तिला नेलं असतं. ताई, भावाला माझा हा मेसेज दाखवा पाहिजे तर.

---

सिस्टर_आक्का | २३ जानेवारी, रात्री १०:३०

विजयदादा, तुम्ही आशा सोडली नाहीत यात तुमची चूक काहीच नव्हती. दोन्ही गोष्टी एकत्र धरता येतात हे सांगायचं काम आमचं होतं, आमच्या क्षेत्राचं. ते झालं नाही याबद्दल मी तुमची माफी मागते.

---

पंचवटी_अभय | २४ जानेवारी, सकाळी ८:२०

सगळ्यांचा आदर ठेवून एक विचारतो. माझ्या ओळखीत असं झालंय की पॅलिएटिव्हला गेल्यावर डायलिसिस बंद करायचा विषय काढला. हे बरोबर आहे का? खर्च वाचवायला घरच्यांनी माणूस सोडून दिला असं होऊ शकत नाही का? मला हे पटत नाही, जोवर श्वास आहे तोवर प्रयत्न करायला पाहिजेत.

---

सिस्टर_आक्का | २४ जानेवारी, सकाळी ११:४५

अभयदादा, भीती रास्त आहे. डायलिसिस थांबवा असं सांगायला पॅलिएटिव्हचे लोक बसलेले नाहीत. पण असेही पेशंट मी पाहिलेत की मशीनवर बीपी पडून पडून प्रत्येक वेळी अर्धमेले होऊन परत यायचे, आणि त्यांनी स्वतः शुद्धीवर राहून सांगितलं की आता बास. अशा वेळी आपण त्यांचं ऐकायचं की नाही हा प्रश्न असतो. त्यांना पुढे काय होईल ते खरं सांगावं लागतं, थांबवलं तर साधारण आठवडा दहा दिवस, किडनीचं थोडं काम उरलं असेल तर जास्त. त्या दिवसांत धाप लागू नये, मळमळ होऊ नये, गुदमरू नये याची औषधं असतात, आणि पेशंट घरच्या बिछान्यावर असू शकतो. धाप लागलेल्याच्या चेहऱ्यावर छोटा टेबलफॅन लावला तरी किती फरक पडतो हे बघितल्याशिवाय पटत नाही. आणि ज्यांना चालू ठेवायचंय त्यांचं चालूच राहतं. पैशापोटी कोणी माणूस सोडतोय असं दिसलं तर पॅलिएटिव्हची टीम पहिली आडवी येते, मी स्वतः दोनदा भांडलेय.

---

नाशिकरोडचा_वकील | २४ जानेवारी, दुपारी ४:००

कायद्याचं थोडं. शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसाला कुठलाही उपचार नाकारायचा हक्क आहे. पुढे शुद्ध नसेल तेव्हासाठी आधी लिहून ठेवायचं ते लिव्हिंग विल, सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला मान्य केलं. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची म्हणून कोणी करत नव्हतं, २४ जानेवारी २०२३ ला सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. उपचार थांबवायची वेळ आली तरी एकट्या नातेवाइकाच्या सांगण्यावर होत नाही, हॉस्पिटलच्या तीन डॉक्टरांचं एक बोर्ड आणि त्याच्यावर दुसरं बोर्ड बघतं. अभयराव, तुमची शंका याच कारणाने कोर्टानेही विचारात घेतलेली आहे.

---

ओझरची_लेक | ९ फेब्रुवारी, रात्री १०:५०

अपडेट द्यायला उशीर झाला. विजयदादांचा मेसेज भावाला दाखवला. त्याने दोनदा वाचला, काही बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला गाडी मी काढतो.

मॅडम टेबलापलीकडे बसल्याच नाहीत, स्टूल ओढून बाबांच्या शेजारी बसल्या. फाइल नंतर बघते म्हणाल्या. पहिला प्रश्न होता, काका दिवसातली सगळ्यात नकोशी वेळ कुठली? बाबांनी आईकडे बघितलं आणि नेहमीसारखं म्हणाले तसा काही त्रास नाही. मॅडमनी एक क्षण दोघांकडे बघितलं आणि आईला म्हणाल्या, काकू, तुमचं बीपी आमच्या सिस्टर बघतील, चला. आई गेली. दार लोटल्यावर बाबा बराच वेळ हातातला रुमाल घडी घालत होते, उलगडत होते, परत घडी. मग म्हणाले, पहाटे तीन वाजता. अंग खाजतं, पाय जळतात, आणि ती शेजारी जागी असते हे मला माहीत असतं आणि मी झोपल्याचं सोंग करतो. तिनं आपल्या अंगातली वस्तू काढून दिली, मला सांभाळता आली नाही. आता कोणत्या तोंडाने सांगू की मला दुखतंय.

मी ४१ वर्षांची आहे, बाबांना असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा होता.

मॅडमनी समजावलं की बसवलेली किडनी कायमची नसते, नीट काळजी घेतली तरी काही वर्षांनी कामातून जाते, अकरा वर्षं म्हणजे तुम्ही चांगलीच सांभाळली. मग एक एक त्रास घेतला. खाजेला आणि पायांना मिळून एकच गोळी दिली, गॅबापेंटिन, अगदी कमी डोस आणि फक्त डायलिसिस झाल्यावर, कारण किडनी नसताना ती साठते, आणि किडनीच्या डॉक्टरांना आमच्यासमोर फोन करून सांगितलं. झोपेचं वेगळं औषध आत्ता नको म्हणाल्या, खाज थांबली की झोप येईल. निघताना भावाने विचारलं, मॅडम किती दिवस? त्यांनी टाळलं नाही. म्हणाल्या दिवस मी सांगू शकत नाही, हार्ट कमजोर आहे त्यामुळे अचानक काही होऊ शकतं, वर्षंही जाऊ शकतात, पण काकांना काय हवंय ते आत्ता विचारून ठेवू, घाईच्या वेळी नको.

---

सिडको_सुहास | १० फेब्रुवारी, सकाळी ७:४०

ताई, मी पहिल्यांदा जे लिहिलं होतं ते मागे घेतो. मावशीला फार उशिरा नेलं होतं आम्ही, आता कळतंय.

---

इंदिरानगर_माधवी | १० फेब्रुवारी, दुपारी १२:१५

सासऱ्यांचा फॉस्फरस वाढलेलाच निघाला. त्याची गोळी जेवणाच्या मध्येच घ्यायची होती, आम्ही सकाळी उपाशीपोटी देत होतो. सिस्टर, खूप आभार.

---

निफाडचा_द्राक्षवाला | १० फेब्रुवारी, रात्री ९:३०

ताई, पत्ता मेसेजमध्ये पाठवा. बाबांना डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर बागेतली पेटी पाठवतो. मी पण पोराशी बोललो परवा, बांधावर बसून. तो म्हणाला, आण्णा, मला वाटायचं मी दिलेलं लिव्हर खराब आहे म्हणून तुम्ही गप्प असता. सहा वर्षं पोरगं हे मनात घेऊन हिंडत होतं.

---

ओझरची_लेक | २ मार्च, दुपारी ४:२५

खाज निम्म्याहून कमी आहे. पाय अजून रात्री जळतात पण बाबा सलग चार साडेचार तास झोपतात. मंगळवारच्या डायलिसिसला आता भाऊ बसतो, पेपर वाचून दाखवतो.

आईला सगळं कळलं. कोणी सांगितलं नाही, बाबांनीच सांगितलं, मी स्वयंपाकघरात होते म्हणून ऐकू आलं. आई मेथी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, मी काय किडनी सांभाळायला दिली होती का तुम्हाला? तुम्ही घरात असावेत म्हणून दिली. होतात ना अकरा वर्षं. मग थोड्या वेळाने म्हणाली, रात्री जागे असाल तर हाक मारत जा, मीपण जागीच असते.

बाबांनी मॅडमना दोन गोष्टी लिहून दिल्यात. व्हेंटिलेटर नको, आणि उन्हाळ्यात एकदा चांदवडला रेणुकामातेच्या दर्शनाला जायचंय, पायऱ्या नाही चढता आल्या तर खालूनच. डायलिसिसच्या मधला दिवस बघून एप्रिलमध्ये ठरवतोय.

निफाडकर दादा, पेटी पोचली. पोटॅशियमचा रिपोर्ट बघून डॉक्टर हो म्हणाले, मोजून दहा मणी. बाबांनी बशीत काढून दहा मोजले, एक आईला दिला, नऊ खाल्ले. बाकीची आम्ही बिल्डिंगमध्ये वाटली.